तेल आणि वीज

दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्याकडे एक वाक्यही हमखास वाढले जाते. आमच्या ताम्हिणीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावी ते पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांबरोबर मोटारीतून येते. "पारशांकडे बघा! मूठभर माणसे नेसत्या वस्त्रांनिशी इराणातून आली आणि कुठच्या कुठे गेली. नाहीतर आमचे लोक!" मग चिवड्याचा आणखी एक बकाणा भरला जातो, यजमान मान डोलावतो, आणि 'आमचे लोक' हे शब्द ज्याला उद्देशून असतात तो स्थानिक गडी रिकाम्या बश्या उचलून आत जातो.

या वाक्याशी माझे भांडण आहे. त्याच्या पहिल्या अर्ध्याशी नव्हे. पारशांचे कौतुक जितके करावे तितके थोडेच. भांडण आहे ते दुसऱ्या अर्ध्याशी, आणि दोन्ही अर्धी ज्या टाक्याने शिवली आहेत त्या टाक्याशी. ज्या जमातीत गुण असतो ती वर येते, आणि जी वर आली नाही तिच्यात गुण नसणार, असा तो टाका आहे. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला शाळामास्तर आहे, अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. शास्त्र वगैरे मला येत नाही. पण एका नमुन्यावरून नियम बांधू नये, शेजारी दुसरा नमुना ठेवून पाहावा, एवढे तर मी पाचवीतल्या पोरांनाही शिकवतो. तेव्हा वाचकहो, दुसरा नमुना शोधूया. तो फार लांब नाही.

आमचा घाट उतरला की माणगाव लागते. तिथून रोहे-अष्टमी, पुढे अलिबाग, आणि अलिबागेजवळ समुद्रकाठी नवगाव. या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आहे. त्या चौदा जीवांपासून कोकणातले आपले यहुदी वाढले. संजाणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पारशांची कथा आपण शाळेत ऐकतो. दुधात साखर विरघळवणारा तो पुरोहित सगळ्यांना ठाऊक आहे. नवगावची कथा मात्र रायगड जिल्ह्याबाहेर कितीजणांना ठाऊक असेल?

आता दोन्ही नमुने शेजारी ठेवा. दोघेही समुद्रमार्गे, पश्चिमेकडून आलेले. दोघांनीही परक्या मुलखात आपला देव सोडला नाही. दोघांनीही इथली भाषा घेतली. पारशांनी गुजराती, बेने इस्राएलांनी मराठी. दोघेही संख्येने इतके थोडे की मोठ्या समाजाने मनात आणले असते तर केव्हाच विरघळून गेले असते. आणि निष्पत्ती? पारशांत गिरणीमालक झाले, सरदार झाले, बॅरोनेट झाले, टाटा झाले. बेने इस्राएल कुलाब्याच्या खेड्यापाड्यांत तेलाचा घाणा चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ज्या खेड्यात राहिले त्या खेड्याचे नाव लावून ते रोहेकर झाले, पेणकर झाले, केहिमकर, दिवेकर, अष्टमकर झाले. पुढे मुंबईस आले ते पलटणीत शिपाई, रेल्वेत कारकून, इस्पितळात परिचारिका म्हणून.

पाहुण्यांच्या नियमाप्रमाणे याचा अर्थ काय? एका जमातीत गुण आणि दुसरीत खोट! पण जरा थांबा, नकाशा काढा.

पारशी ज्या किनाऱ्यावर वसले तिथून सुरत जवळ. सतराव्या शतकात सुरत हे मोगली साम्राज्याचे मोठे बंदर होते. इंग्रज, डच, सगळ्यांच्या वखारी तिथे. परदेशी व्यापाऱ्याला इथली भाषा, इथले भाव आणि इथली माणसे ठाऊक असलेला दलाल लागतो. रुस्तम माणेक हा पारशी इंग्रजांच्या वखारीचा दलाल झाला तो याच सुरतेत. गलबते बांधणारे सुतारही सुरतेचेच. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले ते गोदीचे काम घेऊन; त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांना जहाजे बांधून दिली. 1817 साली मुंबईत सागवानात बांधलेले 'त्रिंकोमाली' हे त्यांचे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. मग चीनचा व्यापार आला. कापूस गेला, अफूही गेली. सर जमशेटजी जिजीभाईंच्या संपत्तीत या दोहोंचा वाटा होता. त्या व्यापारातून साठलेल्या भांडवलावर गिरण्या उभ्या राहिल्या. 1854 साली कावसजी नानाभाई दावरांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. दलालीतून गोदी, गोदीतून व्यापार, व्यापारातून गिरणी, अशी ही शिडी. शहाणपण पायरीपायरीला लागले, कष्टही लागले. पण पहिली पायरी सुरतेच्या धक्क्यावर होती, आणि पारशी त्या धक्क्याशेजारी होते.

नवगावच्या घाण्याशेजारी कोणता धक्का होता? तीळ आणि खोबरे गाळून जे तेल निघे ते गावातच खपे. त्यातून पोट भरते, भांडवल साठत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल मुंबईस येऊ लागले तेव्हा कंपनी सरकारला दलाल मिळालेले होते, सुतार मिळालेले होते. हवे होते शिपाई. म्हणून यांच्या हाती बंदूक आली. ती त्यांनी इमानाने धरली. कितीजण सुभेदार झाले. 1796 साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले ते सॅम्युएल दिवेकर या अशाच एका लष्करी अधिकाऱ्याने. टिपूच्या कैदेतून तो सुटून आला होता. पण सुभेदाराच्या पेन्शनीतून गिरणी निघत नाही. पुढे लष्कराची रचना जातवार झाली तेव्हा या मूठभर समाजाची स्वतंत्र तुकडी कोठून निघणार? ती वाटही अरुंद झाली, आणि मग कचेरीतले टेबल उरले.

"हे सगळे ठीक, पण शेवटी रक्तातच काहीतरी असते," असे कोणी म्हणेलच. त्याच्यासाठी आणखी दोन दाखले देतो.

पहिला दाखला ससूनांचा. तेही यहुदी, बेने इस्राएलांचाच धर्म, तोच शब्बाथ. डेव्हिड ससून 1830 नंतरच्या काही वर्षांत बगदादहून मुंबईस आले, कापूस नि अफूच्या व्यापारात शिरले, आणि एका पिढीत त्यांचे घराणे पारशी धनिकांच्या पंक्तीला बसले. पुण्याचे लाल देऊळ आणि ससून इस्पितळ, मुंबईची ससून गोदी ही त्यांची नावे आपण रोज घेतो. बगदादचे हे व्यापारी सुभेदारांच्या आणि तेल्यांच्या पोरांशी मिसळायला राजी नव्हते. 1836 साली त्यांनी दफनभूमीतसुद्धा मध्ये भिंत मागितली. धर्म एक, प्रार्थना एक, आणि मध्ये भिंत! ती भिंत बगदादच्या पेढीची होती.

दुसरा दाखला खुद्द पारशांचा. जे इराणातच राहिले, त्या यज्द आणि किरमाणच्या जरथोस्त्यांचे काय झाले? रक्त तेच, अग्नी तोच. पण तिथे त्यांना जिझिया भरावा लागे, व्यापारावर बंधने, कपड्यांवरसुद्धा बंधने. 1854 साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवले ते या गांजलेल्या भाऊबंदांना सोडवायला. जिझिया रद्द व्हायला 1882 साल उजाडले. मुंबईत गिरण्या चालवणारे रक्त यज्दमध्ये भाकरीला महाग होते. आता कुठे गेला तो रक्ताचा गुण?

तरीही पारशांची एक गोष्ट खरोखरच शिकण्याजोगी आहे, आणि ती मी नाकारत नाही. त्यांनी मिळवलेला पैसा जमातीच्या पेटीत घातला. पंचायत, धर्मादाय फंड, गरिबांसाठी स्वस्त बिऱ्हाडांच्या बागा, मुलींच्या शाळा. पण पेटीत घालायला आधी पैसा लागतो! इच्छा बेने इस्राएलांनाही होतीच. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली मुंबईत समाजाची शाळा काढली. पुढे त्याच शाळेच्या अनेक वर्षे मुख्याध्यापिका राहिलेल्या रिबेका रूबेन 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिल्या आल्या होत्या. मॅट्रिक होताना माझी काय दमछाक झाली ते आठवले की मी त्या बाईंना मनोमन नमस्कार करतो. डॉक्टर ई. मोझेस 1937 साली मुंबईचे महापौर झाले. गुण नव्हता, असे म्हणायची कोणाची छाती आहे?

आणि निष्पत्ती निष्पत्ती म्हणून जी आपण मोजतो, ती नेहमी रुपयांतच का? मराठीच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. 1874 साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात यहुद्यांच्या वल्हांडण सणाचा ग्रंथ चित्रांसह, हिब्रू आणि मराठीत, छापून निघाला. 1880 साली त्यांनी 'कीर्तनोत्तेजक मंडळ' काढले, आणि अब्राहाम-मोशेच्या कथा आपल्या कीर्तनाच्या थाटात, मराठीत, उभ्या राहून सांगितल्या. या वहीत त्यांच्या नावावर जमा भरपूर आहे. ही वही मात्र फराळाच्या वेळी कोणी उघडत नाही.

गंमत अशी, की 1948 नंतर यांतले बरेचसे लोक इस्राएलला गेले, आणि तिथे हेच वाक्य त्यांच्यापुढे वाढले गेले. दिमोना, लोद यांसारख्या गावांत कारखान्यात राबणाऱ्या या मराठी माणसांना युरोपातून आलेले त्यांचेच धर्मबंधू मागासलेले समजत. हे खरे यहुदी तरी आहेत का, यांच्याशी लग्ने लावावीत का, इथपर्यंत मजल गेली. 1964 साली त्यांना यरुशलेममध्ये धरणे धरून तो प्रश्न निकालात काढावा लागला. आणि इकडे वर आलेल्या पारशांचे काय? 1941 साली भारतात ते 1,14,890 होते, 2011 साली 57,264 उरले. सरकारला त्यांच्यासाठी 'जियो पारसी' योजना काढावी लागली. सुफळ कोण आणि निष्फळ कोण, हे ठरवणारा तराजू इतका सोपा नाही.

आता आमच्या दाराशी येतो, कारण ते वाक्य शेवटी येऊन आदळते ते इथेच.

आमच्या शेजारचे मुळशीचे धरण टाटांच्या कंपनीने बांधले. त्यासाठी मावळ्यांची पन्नासेक गावे जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' म्हणून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे उभे राहिले. शेते गेलीच. 1927 साली घाटाखाली भिरा येथे वीजघर चालू झाले, आमचे पाणी कोकणात कोसळू लागले आणि मुंबई उजळली.

यावरून कोणी पारशांना दूषणे देऊ लागला तर त्याच्याशीही मी तितकेच भांडेन. धरण बांधले कंपनीने, पारशी जमातीने नव्हे. जमीन घेतली ती इंग्रज सरकारच्या 1894 च्या कायद्याने. आणि पुष्कळशा जमिनी कर्जापायी ज्यांच्या नावे गेल्या होत्या ते सावकार पुण्याचे, मराठी बोलणारे. मोबदल्याला आधी राजी झाले ते तेच. जातीच्या नावाने ओवाळू नये तसे जातीच्या नावाने जाळूही नये.

पण ज्याची भातखाचरे बुडाली तो मावळा आपल्याच मुलखात परागंदा झाला. कोणी डोंगरउतारावर चढला, कोणी मुंबईस हमाली करायला गेला. संजाणला आलेल्या गलबताला बंदर मिळाले, नवगावला फुटलेल्या गलबताला घाण्यापुरता तरी गाव मिळाला. याला त्याच्याच गावच्या पाण्याने बाहेर काढले. त्याच्या पणतवंडांना मी शिकवतो. ती पोरे आळशी नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे दहा हातांवरचे दिसत नाही, तशा पावसात ती डोक्यावर इरले घेऊन शाळेत येतात. वडिलांची उरलीसुरली जमीन बंगल्यांसाठी विकली गेली आहे आणि त्याच बंगल्यावर वडील राखणदार आहेत. त्यांच्याजवळ कोणता सुरतेचा धक्का आहे, ते मला दाखवा.

तेव्हा दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल चोळताना कोकणातल्या त्या शनवार तेल्याची आठवण ठेवा, आणि आकाशकंदिलाचे बटण दाबताना मुळशीच्या पाण्याची. कोणतीही जमात पुढे गेलेली दिसली की विचारावे, हिच्यासमोर कोणते दार उघडे होते? मागे राहिलेली दिसली की विचारावे, ते कोणी लावून घेतले? आणि उत्तर मिळाले की कडी काढायला हात लावावा. रस्ता, शाळा, वर येणारी एस. टी., पोराच्या हाताला काम, या त्या कड्या आहेत.

मुलांना पारशांच्या गोष्टी जरूर सांगा. मीही वर्गात सांगतो. फक्त सांगताना भिंतीवरच्या नकाशात आधी सुरत दाखवा, मग नवगाव, आणि मग ते निळे पाणी, ज्याच्याखाली त्यांचे गाव आहे.