वादळ येतंय... पण भरती किती वाजता?



हिवाळा सुरू झाला की आपल्या बोस्टन परिसरात एकच प्रश्न ऐकू येतो, "किती इंच?" ऑफिसात, देसी दुकानाच्या रांगेत, मंडळाच्या ईमेल्समध्ये, सगळीकडे बर्फाच्या इंचांचीच चर्चा. सहा म्हटले की हसायचे आणि अठरा म्हटले की दूध-ब्रेडसाठी धावायचे. आम्हीही बरीच वर्षे हेच केले. पण किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न अपुरा आहे, असे आता आमचे ठाम मत झाले आहे. कसे, ते सांगतो.

२ मार्च २०१८ चा शुक्रवार. अंदाज असा होता की बोस्टनला बहुतेक पाऊसच पडेल, बर्फ नावापुरता. म्हणजे काही काळजी नाही! तिकडे भारतात धुळवड होती. आई-बाबा मुरुडहून आमच्याकडे आले होते आणि शनिवारी पुरणपोळीचा बेत ठरला होता. सकाळी खिडकीतून वारा बघत बाबांनी विचारले, "काल पौर्णिमा झाली. आज उधाण असणार. इथे भरती किती वाजता असते?" घरात दोन इंजिनियर, तीन लॅपटॉप, पण उत्तर कोणालाच देता येईना.

दुपारी ते उत्तर स्वतःच दाराशी आले. क्विन्सीतल्या आमच्या गल्लीत समुद्राचे पाणी शिरले, पार्किंगमधली गाडी गेली आणि दोन रात्री वीज नव्हती. आमचे तरी थोडक्यात निभावले. शहरात इतरत्र लोकांना बाहेर काढण्यासाठी नॅशनल गार्डची उंच वाहने आणावी लागली. बोस्टन बंदरात पाणी १४.६७ फुटांवर गेले होते. तिथली रोजची भरती साधारण दहा फुटांची असते. मॅसॅच्युसेट्समध्ये चार लाखांवर ग्राहकांची वीज गेली. आणि बर्फ? जवळजवळ नाहीच.

असे का झाले? या वादळांना इथे 'नॉर्ईस्टर' म्हणतात, कारण त्यांत वारा ईशान्येकडून येतो. कमी दाबाचा पट्टा किनाऱ्यापासून दूर समुद्रावर असतो आणि त्याभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे आपल्या बाजूला समुद्रावरून जमिनीकडे सतत वारा लागतो आणि पाणी किनाऱ्याकडे ढकलले जाते. हवेचा दाब कमी झाल्यानेही पाणी चढते, एका मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर. वर लाटा असतातच.

चक्रीवादळ बहुधा काही तासांत निघून जाते. नॉर्ईस्टर मात्र एक-दोन दिवस ठाण मांडू शकतो. भरती दर साडेबारा तासांनी येते, म्हणजे एकाच वादळाला दोन-तीन भरत्या सापडतात. २०१८ च्या मार्चमध्ये नेमके तेच झाले. शुक्रवारी दुपारी, मध्यरात्री आणि पुन्हा शनिवारी दुपारी पाणी आले.

आता तारखा बघा. बोस्टनचे जुने लोक आजही १९७८ च्या हिमवादळाबद्दल बोलतात. ६ आणि ७ फेब्रुवारीला २७.१ इंच बर्फ पडला आणि रूट १२८ वर सुमारे तीन हजार गाड्या अडकल्या. आठवणीत बर्फ राहिला, पण रिव्हियर, हल, सिच्युएटमध्ये घरे फोडली ती समुद्राने. ७ तारखेला अमावास्या होती. त्या वेळचा पाण्याच्या पातळीचा विक्रम चाळीस वर्षे टिकला. ४ जानेवारी २०१८ ला १५.१६ फुटांनी तो थोडक्यात मोडला आणि ॲक्वेरियमचे भुयारी स्टेशन पाण्यात गेले. पौर्णिमा दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. मेन राज्यात पोर्टलंडला १३ जानेवारी २०२४ रोजी १४.५७ फुटांचा नवा विक्रम झाला, तेव्हा अमावास्येला दोन दिवस झाले होते. या वेळी वारा आग्नेयेकडून होता, म्हणून मार मेनच्या किनाऱ्याने खाल्ला.

यात चमत्कार काही नाही. कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला हे माहीत असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा भरतीमुळे पाणी बाहेर पडेना, हे मुंबईकरांनी भोगलेले आहे. इथे पावसाच्या जागी वारा. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे तर वादळ आणि चंद्र हे दोन स्वतंत्र व्हेरिएबल आहेत. दोन्ही एकाच वेळी वर गेले की सिस्टिम कोसळते. त्यात बोस्टनला समुद्राची पातळी गेल्या शंभर वर्षांत सुमारे ११ इंच वाढली आहे. म्हणजे वादळ जुनेच असले तरी सुरुवात वरच्या पायरीवरून होते.

म्हणून आमची विनंती. वादळाची बातमी आली की तीन प्रश्न विचारा. वारा कुठून येणार? भरती किती वाजता? वीज गेली तर काय? नॅशनल वेदर सर्व्हिस बर्फाचा, वाऱ्याचा आणि किनारी पुराचा इशारा वेगवेगळा देते. तिसराही वाचा. 'वॉच' म्हणजे शक्यता, 'वॉर्निंग' म्हणजे आता हालचाल करा. आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एक नजर टाका. वादळ कधी येणार ते त्यात नसते, पण समुद्र कोणत्या दिवशी आधीच चढलेला असेल ते कळते.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो, भाडेकरूंच्या विम्यातही सहसा नसतो. फेडरल पूरविमा घेतल्यावर तो लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस लागतात, तेव्हा अंदाज ऐकून धावण्यात अर्थ नाही. गॅसची भट्टीही विजेशिवाय चालत नाही, हे आम्हाला आई-बाबा ब्लँकेटमध्ये कुडकुडताना कळले. पण म्हणून घरात कोळशाची शेगडी किंवा जनरेटर कधीही लावू नका. २०१३ च्या फेब्रुवारीतल्या वादळात बोस्टनमध्ये वडील बर्फ उपसत असताना ऊब मिळावी म्हणून गाडीत बसलेला मुलगा कार्बन मोनॉक्साइडने गेला. धुराड्याचे तोंड बर्फाने बुजले होते.

नुकतेच आलेले विद्यार्थी आणि भेटीला आलेले आई-वडील यांना यातले काही माहीत नसते. वादळाच्या आदल्या संध्याकाळी अशा एखाद्या घरी एक फोन करा. उंचावर राहणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या मित्रांना रात्रीपुरते बोलवावे. पिठलं-भात सगळ्यांना पुरतो.

बाबा हल्ली फोनवर आधी तब्येत विचारतात, मग भरती. आता आम्हाला उत्तर देता येते.