गळतीचा नकाशा आणि सामुदायिक शिक्षा

वीज जाते कोठे, या प्रश्नाला वितरण कंपन्या वर्षानुवर्षे 'गळती' हे एकच उत्तर देत आल्या. त्यात जुनाट तारांचा वाटा किती, चोरीचा किती आणि हिशेबातील लबाडीचा किती, हे सांगता येत नाही अशी सबब पुढे केली जाई. ती सबब आता टिकणारी नाही.

केंद्र सरकारने २००८ साली वीजवितरण सुधारणेचा नवा कार्यक्रम हाती घेतला. तीस हजारांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रत्येक वाहिनी, रोहित्र व खांब संगणकीय नकाशावर नोंदवावा आणि कोणता ग्राहक कोणत्या रोहित्रावरून वीज घेतो याची सूची त्यास जोडावी, हे त्याचे एक प्रमुख अंग होते. त्यासाठी दिलेले कर्ज काम पुरे होताच अनुदानात रूपांतरित व्हावयाचे होते. म्हणजे हा नकाशा जनतेच्या पैशातून उभा राहिला.

त्याचा उपयोग साध्या वजाबाकीचा आहे. रोहित्रातून गेलेल्या विजेतून त्यावरील ग्राहकांना आकारलेली वीज वजा केली की तूट नेमकी कोणत्या गल्लीत आहे ते कळते. शोध शहरावरून गल्लीवर आणि गल्लीवरून घरावर आणता येतो.

महावितरणने मात्र वाहिन्यांचे गळती व वसुलीनुसार 'ए' ते 'जी' असे गट पाडले आणि भारनियमनाचा भार खालच्या गटांवर टाकला. एप्रिल २०२२ मधील टंचाईतही 'जी' गटातील वाहिन्यांवरच प्रथम कुऱ्हाड कोसळली. वीज कायदा, २००३ च्या कलम १३५ नुसार वीजचोरी हा ती करणाऱ्या व्यक्तीचा गुन्हा आहे. मग नियमित बिल भरणाऱ्या विणकराने वा शिवणकाम करणाऱ्या भगिनीने शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधारात का बसावे? ही सामुदायिक शिक्षा आहे, आणि ती बहुधा श्रमिकांच्या वस्त्यांच्याच वाट्याला येते.

वसुली झाली नाही तर कंपनी बुडेल आणि तो बोजा प्रामाणिक ग्राहकांवरच पडेल, हा युक्तिवाद आम्ही उडवून लावत नाही. सार्वजनिक कंपनी बुडण्यात समाजवाद्यांना आनंद नाही. परंतु दोषी हुडकण्याचे साधन हाती असताना सरसकट सर्वांना दंड करणे ही काटकसर नव्हे, आळस आहे. शिवाय गळती केवळ वस्तीतच नसते. मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वापर अंदाजाने ठरविला जातो. तो अंदाज फुगविला की गळतीचा आकडा आपोआप आटतो आणि चोरीचे पाप शेतकऱ्याच्या माथी जाते.

म्हणून आमची मागणी अशी : रोहित्रनिहाय मिळालेली वीज, आकारलेली वीज व तूट हे आकडे ग्राहकांची नावे वगळून दर तिमाहीस प्रभागात व ग्रामसभेत जाहीर करावेत. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ ने अशी माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सार्वजनिक संस्थांवर घातलेलेच आहे. २००७ पासून भिवंडीत आहे तशी खाजगी फ्रँचायझी जेथे असेल, तेथेही नकाशाची मालकी सार्वजनिकच राहावी. आणि वाहिनीवार गळतीच्या आधारे भारनियमन करण्याची पद्धत कायमची बंद व्हावी.

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील रोहित्राचे आकडे लेखी मागण्यापासून आरंभ करावा. 'तुमची वस्ती चोर आहे' या आरोपाला घोषणेने उत्तर देता येत नाही. ते हिशेबानेच द्यावे लागते, आणि तो हिशेब आज उपलब्ध होऊ शकतो.