पाडकामाच्या हिशेबातून सुटलेले आजार

महापालिकेचे पथक एखादी वस्ती हटवते, तेव्हा सायंकाळी जाहीर होणारा आकडा पाडलेल्या बांधकामांचा असतो. किती झोपड्या हटल्या, किती जागा मोकळी झाली, बंदोबस्ताला किती पोलीस होते, याची नोंद सरकारी दप्तरात चोख सापडते. त्या झोपड्यांतून बाहेर पडलेल्यांपैकी क्षयाचे औषध घेणारे किती होते, दिवस भरत आलेल्या स्त्रिया किती होत्या, लस टोचायची राहिलेली बालके किती होती, हे सांगणारा रकाना मात्र त्या दप्तरात नाही. त्यामुळे निष्कासनाचा खरा खर्च कधी मांडलाच जात नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वसूल होऊ लागतो, आणि तोवर त्याचे मूळ सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते.

अतिक्रमणे कधी हटवूच नयेत, असा आग्रह कोणी समंजस माणूस धरणार नाही. शहराला पाणी पुरविणाऱ्या जलवाहिनीला खेटून वस्ती असणे धोक्याचे आहे; रेल्वेमार्ग, रस्ते व नाले मोकळे असणे सर्वांच्याच हिताचे आहे. प्रश्न आहे तो निष्कासन कसे होते आणि त्यानंतर माणसे कोठे जातात, हा.

घर गेल्याने माणूस आजारी कसा पडतो, याची साखळी अगदी साधी आहे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार किमान सहा महिने अखंड चालावा लागतो. मध्येच खंड पडला, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. घर पाडले गेले की केसपेपर, शिधापत्रिका आणि औषधाच्या पट्ट्या एकाच ढिगाऱ्याखाली जातात. अंगणवाडी सेविकेची व आशा स्वयंसेविकेची यादी वस्तीनिहाय असते. वस्ती उठली की यादीतील गरोदर स्त्री आणि तान्हे मूल दोघेही तिच्या नजरेआड होतात. नळ तुटतो, शौचालय दूर जाते, पाणी उघड्या पिंपात साठू लागते. मग हगवण, हिवताप व डेंग्यू यांना वेगळे आमंत्रण लागत नाही. कामाचे ठिकाण दूर गेल्याने रोजगार बुडतो आणि पहिली काटकसर दूध, भाजी व औषध यांतच होते.

नवे घर मिळाले म्हणजे सारे मिळाले, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. इंग्लंडमधील स्टॉक्टन-ऑन-टीज या गावी १९२७ साली गलिच्छ वस्तीतील काही कुटुंबे नव्या, नीटनेटक्या वसाहतीत हलविण्यात आली. तेथील आरोग्याधिकारी डॉ. मॅकगॉनिगल यांनी पुढील काही वर्षांचे मृत्युप्रमाण तपासले, तेव्हा ते नव्या वसाहतीत वाढल्याचे त्यांना आढळले. जुन्या वस्तीत मागे राहिलेल्यांत तशी वाढ नव्हती. कारण शोधता उलगडा झाला तो असा : नव्या घराचे भाडे बरेच अधिक होते आणि तेवढा पैसा अन्नातून कमी झाला होता. घराच्या भिंती सुधारल्या, पण ताटातले अन्न घटले.

मुंबईने हा धडा आपल्या पद्धतीने गिरविला आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या हजारो कुटुंबांना २०१७ च्या सुमारास माहुल येथील इमारतींत पाठविण्यात आले. या इमारती तेलशुद्धीकरण कारखाने व रसायनांच्या टाक्या यांच्या शेजारी आहेत. माहुल परिसरातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नमूद केले होते. तरीही पुनर्वसनासाठी तीच जागा योग्य ठरली! श्वसनाच्या व त्वचेच्या विकारांनी बेजार झालेल्या रहिवाशांनी दाद मागितली. अखेर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अन्यत्र घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत रक्कम देण्याचा आदेश शासनाला दिला. गोवंडी-मानखुर्दकडील पुनर्वसन वसाहतींची कथा निराळी नाही. तेथे एका कुटुंबाच्या वाट्याला आले ते २२५ चौरस फुटांचे घर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत, जेथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत व खालच्या मजल्यांपर्यंत ऊन-वारा पोहोचत नाही, तेथे क्षयाचे प्रमाण अधिक दिसले. आजाराचा पाया नकाशातच घातला गेला होता.

शरीराइतकाच आघात मनावरही होतो. बॉस्टन शहरातील वेस्ट एंड ही वस्ती १९५० च्या दशकाअखेर जमीनदोस्त झाली. तेथून उठविलेल्यांचा अभ्यास करणाऱ्या मार्क फ्रीड यांना त्यांच्यापैकी अनेकांत जिवलगाच्या मृत्यूनंतरच्या शोकासारखी अवस्था आढळली. अमेरिकेतीलच २०१५ च्या एका अभ्यासात, घरातून काढल्या गेलेल्या मातांत नैराश्याचे प्रमाण किमान दोन वर्षे अधिक राहिल्याचे दिसून आले. हे दुःख केवळ झोपडीवासीयांचे नाही. धोकादायक इमारतीची नोटीस आल्यावर चाळ सोडून संक्रमण शिबिरात गेलेल्या आणि तेथेच म्हातारपण गाठलेल्या कारकुनी पेशाच्या कुटुंबांनाही ते ठाऊक आहे.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे पाठ फिरविली, असे म्हणता येणार नाही. १९८१ च्या भर पावसाळ्यात पदपथवासीयांना हुसकावण्याची मोहीम निघाली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटल्याच्या जुलै १९८५ मधील निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच सामावलेला असल्याचे मान्य केले आणि निष्कासन ३१ ऑक्टोबरपर्यंत लांबणीवर टाकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. पण रस्ते, पदपथ, रेल्वेमार्ग व जलाशय यांलगतची अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली. म्हणजे ज्यांना या संरक्षणाची सर्वाधिक गरज, तेच त्याबाहेर राहिले. पावसाळ्यात निवासी झोपड्या न पाडण्याचा शासनाचा निर्णय असताना पवईतील जयभीमनगर ६ जून २०२४ रोजी पाडले गेले, आणि चौकशीसाठी उच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमण्यास सांगावे लागले. कागदावरचा नियम पहिल्या सरीतच वाहून जातो तो असा.

यावर उपाय अशक्य कोटीतले नाहीत. निष्कासनाच्या प्रत्येक नोटिशीची प्रत त्याच दिवशी विभागाच्या आरोग्याधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. नोटिशीच्या मुदतीत रुग्ण, गरोदर स्त्रिया, बालके व वृद्ध यांची यादी तयार व्हावी. क्षय, मधुमेह, रक्तदाब यांच्या रुग्णांच्या हाती महिन्याची औषधे आणि नव्या ठिकाणच्या दवाखान्याची चिठ्ठी पडल्याखेरीज हातोडा उचलला जाऊ नये. पुनर्वसनाच्या इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी तिच्यातील ऊन व हवा यांची तपासणी आरोग्य खात्याकडूनच व्हावी. विस्थापितांच्या प्रकृतीची नोंद निदान दोन वर्षे ठेवली जावी. ही सोय पात्र-अपात्र असा भेद न करता सर्वांना मिळाली पाहिजे. १ जानेवारी २००० की १ जानेवारी २०११, हा वाद शासनाने भूखंडापुरता खुशाल घालावा. क्षयाचे जंतू पात्रतेचा पुरावा विचारीत नाहीत, आणि विस्थापिताच्या खोकल्याला वस्तीची हद्दही माहीत नसते.

पाडकामाच्या अहवालात आणखी एक रकाना वाढविण्यास फारसा खर्च येत नाही. तो कोरा ठेवण्याचा खर्च मात्र साऱ्या शहराला भरावा लागतो, आणि त्याचा पहिला हप्ता नेहमी सर्वांत दुबळ्यांकडूनच घेतला जातो.