सभेला आजी आली तर?

दोस्तांनो, आज एक प्रश्न विचारते. उत्तर अगदी खरं द्यायचं हं! ‘पालकसभेला आई-वडिलांना घेऊन येणे’ अशी चिठ्ठी शाळेतून मिळाली, की ती तुम्ही घरी नेऊन देता, की दप्तराच्या तळाशी, कंपासपेटीच्या खाली सरकवून ठेवता?

हसलात ना? म्हणजे कळलं!

चिठ्ठी लपवायची कारणंही मला ठाऊक आहेत. पहिलं कारण म्हणजे, पालकसभा म्हटली की तक्रार आलीच. ‘तुमचा मुलगा वर्गात बोलतो फार’, ‘तुमच्या मुलीचं गणित कच्चं आहे’ वगैरे. दुसरं कारण, आईचा शेतातला रोज बुडतो, मग तिला कशाला त्रास? आणि तिसरं कारण कुणी मोठ्यानं सांगत नाही. आई-वडील परगावी कामाला गेलेत, घरी फक्त आजी आहे. ती नऊवारी नेसून, काठी टेकत सभेला आली, तर मुलं हसतील की काय!

आज आपण या चिठ्ठीबद्दलच बोलू या. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर जालना जिल्ह्यात यावं लागेल.

जालना जिल्ह्यात अंबड तालुका आहे आणि त्या तालुक्यात अंतरवाली सराटी हे गाव. २०२३ सालापर्यंत हे नाव जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी तिथे उपोषण सुरू केलं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या, आणि एका दिवसात गावाचं नाव देशभर गेलं. पुढे कितीतरी दिवस गावात गर्दी, गाड्या, पोलीस आणि वाहिन्यांचे कॅमेरे होते.

त्या आंदोलनाबद्दल मोठी माणसं खूप बोलली, अजूनही बोलतात. आपण आज फक्त मुलांचा विचार करू. रोज ज्या रस्त्यानं शाळेत जायचं, त्याच रस्त्यावर असं काही घडलं, तर तुमच्या-माझ्या मनाचं काय होईल? घरातली मोठी माणसं काळजीत असतात, रात्रंदिवस तोच विषय चालू असतो आणि मुलांना कुणी काही समजावून सांगत नाही. ‘तू लहान आहेस, जा खेळ!’ म्हणतात. पण खेळात मन लागेल तेव्हा ना?

भीती मुलांच्या तोंडातून येत नाही, ती भलतीकडूनच बाहेर पडते, बरं का! कुणाचं शाळेत निघताना रोज पोट दुखतं. कुणाला झोप लागत नाही. कुणी उगाच चिडतं, मारामारी करतं. एखादी बडबडी मुलगी एकदम गप्प होते. घरचे म्हणतात, ‘हल्ली फार हट्टी झालाय.’ शाळेत म्हणतात, ‘हल्ली लक्ष नसतं त्याचं.’ दोघांपाशी अर्धी अर्धी गोष्ट आहे. ती जोडणार कोण?

मराठवाड्यानं याहूनही मोठं संकट पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्याच दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. कितीतरी मुलं एका रात्रीत पोरकी झाली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुलांना पुण्याला आणून त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोलीला त्यासाठी मोठं संकुल उभं राहिलं.

आता विचार करा. घर गेलं, गाव गेलं, तरी त्या मुलांना आधी काय हवं होतं? जेवण, निवारा, औषधं तर हवीतच. पण त्याबरोबर हवी होती शाळेची घंटा! सकाळी उठायचं, प्रार्थना, मग तास, मधली सुट्टी, संध्याकाळी मैदान. मन हादरलेल्या मुलाला रोजचा ठरलेला दिवस फार मोठा आधार देतो. ‘उद्या काय होणार?’ याचं निदान एक उत्तर त्याच्यापाशी असतं : उद्या शाळा आहे, आणि तिथे माझी वाट बघणारं कुणीतरी आहे.

भूकंप आणि आंदोलनं रोज होत नाहीत. पण छोटी वादळं दर वर्षी येतात आणि त्यांची बातमी कुठेच छापून येत नाही.

अंबड तालुक्यात ऊस आहे, अंकुशनगरला साखर कारखानाही आहे. तरीही जालना-बीड भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. हंगाम संपून पट्टा पडला, की मार्च-एप्रिलमध्ये माणसं परत येतात. मग मुलांनी काय करायचं? फडावर गेलं तर शाळा सुटते. गावात राहिलं तर आई-बाप सुटतात, सहा महिने!

यात मोठ्या मुलींची पंचाईत तर फारच. ‘हिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं?’ या काळजीनं आठवी-नववीतल्या मुलीचं लग्नच उरकून टाकतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना एक नाव पुकारलं जातं, उत्तर येत नाही. चार दिवसांनी ते नाव पुकारणंही बंद होतं. मुलीचं लग्न अठराव्या आणि मुलाचं एकविसाव्या वर्षाआधी करणं हा कायद्यानं गुन्हा आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती गैरहजर राहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी जाऊन ‘आज का नाही आली?’ असं विचारणारं कुणीतरी हवं ना!

असं विचारायची सोय शाळेत असते का? असते. एक नाही, बऱ्याच आहेत. तुम्हाला त्या माहीत हव्यात, म्हणून इथे एकेक सांगते.

पहिली, सखी सावित्री समिती. मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनानं शाळाशाळांत ही समिती नेमायला सांगितलं. हिच्यात मुख्याध्यापक, शिक्षिका, पालक, अंगणवाडी सेविका, गावचे पोलीस पाटील असे लोक असतात, आणि बरं का, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असतात! मुलांना शाळेत सुरक्षित वाटावं, कुणाची शाळा सुटू नये, मनावर ताण असेल त्याला समुपदेशन मिळावं, बालविवाह होऊ नयेत, ही हिची कामं. तुमच्या शाळेत ही समिती आहे का? तिच्यात तुमच्या बाजूनं कोण बसतं? मुख्याध्यापकांना जरूर विचारा. विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

दुसरी, तक्रारपेटी. २०१७ पासून ही पेटी शाळांना बंधनकारक आहे. जे तोंडानं सांगता येत नाही, ते कागदावर लिहून टाकायचं. नाव लिहिलं नाही तरी चालतं. कुणी त्रास देतं, चिडवतं, नको तसा हात लावतं, मारतं, काहीही असो. शाळेत मुलांना मारणं आणि मनाला लागेल असं छळणं, दोन्हीला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मनाई आहे.

तिसरी, हंगामी वसतिगृह. ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांच्या मुलांना गावातच राहून शिकता यावं, म्हणून हंगामापुरती ही सोय करतात. जी मुलं आई-वडिलांबरोबर जातातच, त्यांच्यासाठी ‘शिक्षण हमी पत्रक’ असतं. ते दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं. शिवाय २०२१ साली शासनानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. तिच्यात जालना जिल्हाही आहे.

चौथी सोय फोनची. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून या कामाची सुरुवात झाली. आज देशात कुठूनही, रात्री-अपरात्रीसुद्धा हा फोन फुकट लागतो. आणि मनच फार जड झालं असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६. हा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. तिथे मराठीतही बोलता येतं. दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहा. लिहिलेत?

आणि हो, पहिली ते आठवीच्या दोस्तांसाठी २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहेच. योगासनं, श्वासाचे व्यायाम, खेळ, गप्पा. ‘आज अभ्यास नाही’ म्हणून त्याला हसू नका. शांत बसायला शिकणं हासुद्धा अभ्यासच आहे, आणि मोठ्यांनाही तो जमत नाही!

खेड्यांतल्या बहुतेक शाळांत वेगळे समुपदेशक नसतात. म्हणून एक गोष्ट मनाशी ठरवून ठेवा. शाळेतल्या मोठ्या माणसांपैकी आपलं मन ज्याच्यापाशी मोकळं करता येईल, असं एक माणूस निवडा. सर असतील, मॅडम असतील, खिचडी शिजवणाऱ्या मावशीही असतील. अडचण येण्याआधीच माणूस ठरलेलं बरं.

आता हे पान जरा आई-बाबांच्या हातात द्या. कुणाला वाचता येत नसेल, तर तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा.

आई-बाबा, काका-मामा, आजी-आजोबा, तुमच्याशी दोनच शब्द. सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यात निम्म्या स्त्रिया. कायद्याच्या शब्दांत आई-वडील ‘किंवा पालक’ असं आहे. म्हणजे आई-वडील कामाला गेल्यावर जी आजी नातवंडांना सांभाळते, तीही पालकच! ती सभेला आली तर उपकार म्हणून नाही, हक्कानं आली.

सभेला याल तेव्हा मार्क तर विचाराच. पण आणखी तीन प्रश्न विचारा. ‘आमचं लेकरू मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतं?’ ‘गेल्या महिन्यात त्याच्यात काही फरक दिसला का?’ ‘त्याला फळ्यावरचं दिसतं का?’ शेवटचा प्रश्न साधा वाटेल. पण कितीतरी ‘ढ’ मुलं निव्वळ चष्मा नसल्यामुळे ढ ठरतात! शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टरांचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि घरातली गोष्ट, आजारपण असो, कर्ज असो, भांडण असो, सरांना थोडी तरी कानावर घाला. मूल वर्गात का गप्प बसलंय, हे त्यांना त्याशिवाय कळणार कसं?

गुरुजनांनाही एक विनंती. सभेची वेळ माणसं बघून ठरवावी. जिथून माणसं ऊसतोडीला जातात, तिथे एक सभा दसऱ्याआधी आणि एक पट्टा पडल्यावर घ्यावी. मधल्या काळात फडावरच्या बापाला फोन लावून दोन मिनिटं लेकराबद्दल सांगावं. आणि ती दोन मिनिटं तक्रारीची नसावीत. पोरीनं धावण्यात नंबर काढला, हे सांगायलाही फोन करता येतो ना!

बरं, आता पान परत तुमच्याकडे.

दोस्तांनो, शाळा आणि घर यांच्यामध्ये रोज ये-जा करणारं माणूस एकच असतं. सर रोज घरी येत नाहीत, आई रोज शाळेत येत नाही. तुम्ही मात्र दोन्हीकडे असता. शाळेची चिठ्ठी घरी पोचवायची आणि घरची अडचण शाळेत पोचवायची, हे काम तुमचं. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी राहिली, की समिती, पेटी, वसतिगृह सगळं असूनही तुमच्यापर्यंत येत नाही.

तर या आठवड्याचं काम असं. एक, शाळेत तक्रारपेटी कुठे आहे ते शोधा. दोन, सखी सावित्री समितीत कोण कोण आहे ते वहीत लिहा. तीन, वर्गातलं कुणी दोन दिवस आलं नसेल, तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन या. काही वेगळं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना किंवा मॅडमना सांगा. ही चुगली नव्हे. मैत्रिणीची शाळा वाचवणं म्हणतात याला.

आणि पालकसभेला कुणाची आजी आली, तर पुढे होऊन तिचा हात धरा, तिला खुर्ची द्या, प्यायला पाणी द्या. एवढं लांब ऊन तुडवत ती नातवासाठी आली आहे. हसणाऱ्याला तिथेच कळेल, की आपण कशाला हसत होतो!

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर दप्तराचा तळ एकदा तपासून बघा बरं!

— तुमची ताई