गोधडीमागची चिठ्ठी

मंडळी, थंडी पडली की आमच्या घरी आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी बाहेर निघते, आणि आमच्याआधी मांजर तिच्यावर ठाण मांडतं. अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकाही शेतावरच्या विटक्या कपड्यांच्या अशाच गोधड्या शिवत. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, शिवणाऱ्यांच्या नावांसकट! आमच्या गोधडीवर कुणाचंच नाव नाही. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे फक्त आई सांगू शकते, आणि तिला आताशा आठवायला वेळ लागतो. इथल्या क्विल्टवाल्या मागच्या बाजूला कापडाची चिठ्ठी शिवतात: नाव, गाव, साल. या रविवारी आईला फोन लावून आम्ही तेवढं लिहून घेणार आहोत. तुम्हीही घ्या. मुलांसाठी दोन्ही लिपींत लिहा म्हणजे झालं.