सोऱ्या आणि तीस दिवस

मागच्या महिन्यात मावशीला अचानक रुग्णालयात न्यावं लागलं. (आता ठणठणीत आहे, नातेवाईकांनी घाबरून फोन करू नयेत!) तपासणीआधी डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन काही तपासणी झाली होती का? त्रास झाला होता?" झाला होता, २०१४ साली. कोणत्या औषधाचा, ते त्या रिपोर्टात होतं. आणि रिपोर्ट माझ्या लॅपटॉपवर! मी स्वतः स्कॅन करून, नाव-तारीख घालून ठेवलेला. शहाणपणा करून लॅपटॉप बरोबरही नेला होता.

फोल्डर उघडला. फाईलचं नाव दिसलं. शेजारी एक गोंडस निळा ढग. क्लिक केलं, तर "इंटरनेट जोडणी तपासा". आम्ही तळघरात, रेंजचा पत्ता नाही. लॅपटॉप काखेत मारून जिने चढले, पार्किंगमध्ये उभी राहिले आणि फाईल उतरायची वाट बघितली. वीस मिनिटं. खाली डॉक्टर खोळंबलेले आणि मावशी मला विचारते, "अगं, तुझ्याच डब्यातलं तुलाच सापडेना होय?"

झालं होतं असं की, बरेच दिवस न उघडलेल्या फाईली संगणकाने परस्पर लांबच्या साठवणीत हलवल्या होत्या. 'जागा वाचवण्यासाठी.' माझी परवानगी? म्हणे दिली होती. नवीन यंत्र सुरू करताना मी 'पुढे, पुढे' दाबत गेले, तेव्हा!

ही युक्ती नवी नाही. आयबीएमच्या अवाढव्य संगणकांवर १९७० च्या दशकातच पडून असलेल्या फाईली महागड्या डिस्कवरून स्वस्त, संथ टेपवर आपोआप जायच्या. त्यामागचं गणित मला मान्य आहे. सगळंच वेगवान जागी ठेवणं परवडत नाही. माझं भांडण आहे ते कसोटीशी. शेवटचं कधी उघडलं? बस्स, एवढंच बघायचं.

आईच्या माळ्यावर चकलीचा सोऱ्या आहे. वर्षातले अकरा महिने त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण दिवाळीच्या आठवडाभर आधी तो खाली येतो, घासून-पुसून तयार असतो, कारण आई पुढे बघते. यंत्र फक्त मागे बघतं. त्याच्या हिशेबी सोऱ्या आणि मोडकी छत्री एकच! आणि घरात काही वस्तू अशाही असतात, ज्या कधी लागूच नयेत अशी आपली इच्छा असते, पण लागल्या तर त्याच क्षणी हव्यात. जुने वैद्यकीय रिपोर्ट, विम्याचे कागद, मृत्युपत्र. 'क्वचित लागणारं' म्हणजे 'सावकाश मिळालं तरी चालणारं' हे कुणी ठरवलं?

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या दुर्बिणीने २०१० ते २०१२ मध्ये आकाशाची मोठी पाहणी केली. ती निरीक्षणं जपून ठेवलेली होती. खगोलशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर नव्याने प्रक्रिया केली आणि २०१६ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी जगापुढे आली. त्याच पाहणीतून २०१८ मध्ये एक दीर्घिका सापडली, जिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला १२ अब्ज वर्षांहून अधिक काळ लागला! असा डेटा संथ जागी असला तरी बिघडत नाही, दीर्घिका कुठे पळून जात नाही. पण तिथे काय आहे, कुठे आहे आणि किती वेळात मिळेल, हे माणसांना ठाऊक असतं.

गंमत बघा. अ‍ॅमेझॉनच्या एका साठवण सेवेत ३० दिवस न वाचलेला डेटा आपोआप स्वस्त थरात जातो, ९० दिवसांनी आणखी स्वस्त. पण तिथून तो मागितल्याबरोबर मिळतो. जिथून काढायला काही तास लागतात, अशा खोल थरात तो नेण्यासाठी मात्र मालकाने मुद्दाम होकार द्यावा लागतो. म्हणजे पैसेवाल्या गिऱ्हाइकाला विचारायचं आणि आम्हाला ढग दाखवायचा?

माझं मागणं एवढंच. हलवण्याआधी विचारा. 'याला हात लावू नको' म्हटलं तर लावू नका. आणि परत मिळायला काय लागेल, ते आधी सांगा.

तोवर तुम्हीही एक काम करा. आज रात्री घरातल्या दहा महत्त्वाच्या फाईली शोधा आणि त्यांवर उजवी कळ दाबून 'कायम याच यंत्रावर ठेवा' अशा अर्थाचा पर्याय निवडा. मग इंटरनेट बंद करून एकेक उघडून बघा. मी मावशीच्या रिपोर्टाचा छापील कागदही काढून तिच्या पर्समध्ये ठेवलाय. त्याला रेंज लागत नाही.