स्वतंत्र म्हणजे बिनपगारी?

गेल्या वर्षी अंधेरीच्या एका थंडगार हॉलात माझी ओळख करून दिली : 'स्वतंत्र कलावंत'. टाळ्या पडल्या. मी रात्रपाळी करून तसाच गेलो होतो. डोळे चुरचुरत होते, कानात साचा खडखडत होता. मनात आलं, स्वतंत्र? कुणापासून रे बाबा? शेठपासून? मुकादमापासून? खोलीच्या भाड्यापासून?

मी भिवंडीत साचे चालवतो. तिथे लूम म्हणतात, मी घरातला शब्द वापरतो. मजुरी मीटरवर. हात थांबला की पैसा थांबला. माझ्या पणजाला मुंबईच्या गिरणीत साचाखात्यात पाऊल टाकू देत नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. आज मी साच्यावर उभा आहे. तोंड आमचं अजून फुकटच वापरतात. आता गाण्यासाठी.

दोस्तहो, आपलं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, जुलैत होतं. ११ जुलै १९९७, घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, रस्त्यावर उतरलेली वस्ती, पोलिसांचा गोळीबार, दहा मुडदे. चौथ्या दिवशी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत स्वतःला संपवलं. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तरी गेल्या ११ जुलैला पाळी बुडवून घाटकोपरला गेलो आणि त्या दिवसापासून वहीत हिशोब लिहायला घेतला.

वही समोर आहे. कविता एकोणतीस. त्यातल्या आठ बऱ्या, बाकी घोषणाच. कार्यक्रम सतरा. खाडे अकरा. पैसे मिळाले तीन ठिकाणी, त्यातल्या एका ठिकाणी रिक्षाभाड्यापुरते. शाली सहा, नारळ सहा. नारळांची चटणी झाली. दोन शाली आईने गोधडीत घातल्या, म्हणाली, "तुझ्या कवितेची ऊब आली बघ."

एप्रिलचं पान मी फाडणार होतो. आपल्याच एका मंडळाचा कार्यक्रम. डीजेवाल्याला अ‍ॅडव्हान्स, मांडववाल्याला अ‍ॅडव्हान्स, जनरेटरवाल्याला रोख. खर्चाच्या कागदावर सगळ्यांची नावं. माझं नाव फक्त पत्रिकेवर. विचारलं तर कार्यकर्ता म्हणाला, "तू तर आपला माणूस. चळवळीत पैसे मागतोस?"

मागतो. जनरेटरमध्ये डिझेल ओतता, शाहिराच्या पोटात काय घोषणा ओतणार?

विलास घोगरे आयुष्यभर वस्त्यांसाठी गायले. 'हमारा शहर' या १९८५ च्या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. ज्या संघटनेत राहून गायले, तिनेच त्यांना बाहेर काढलं होतं. रमाबाईतल्या दहा मुडद्यांचं दुःख त्यांना सोसलं नाही, हे खरंच. पण त्या चार दिवसांत त्यांच्या दारात आपले किती जण उभे होते? गेल्यावर मात्र ते सगळ्यांचे झाले.

आणि अण्णाभाऊ. याच घाटकोपरात, चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिलं. 'फकिरा' १९५९ ची, तिला १९६१ मध्ये राज्य सरकारचं बक्षीस. तरी १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गरिबीतच गेले. २०२२ मध्ये त्यांचा पुतळा मॉस्कोत उभा राहिला. छातीच फुगते, नाही म्हणत नाही. पण पुतळ्याला भूक लागत नाही, तो खाडा मागत नाही. असला कलावंत आपल्याला फार सोयीचा पडतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली पक्ष काढला, त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष. स्वतंत्र आणि मजूर, शेजारी शेजारी. अंधेरीवाल्यांनी माझ्या ओळखीतला मजूर गाळला. आपल्या मंडळवाल्यांनी मजुरी गाळली. पहिल्यांचा मला राग येत नाही, ते परके. दुसऱ्यांचा येतो, म्हणून इथे लिहितोय.

मानधन, पुरस्कार, गौरव समारंभ काही नको. तारीख ठरवाल तेव्हाच शाहिराचा खाडा भरून द्या. ढोलकीवाल्याचाही. वर्गणीतून, पावती फाडून, मांडववाल्याच्या आधी. आणि खाडा भरला म्हणून काय गायचं ते सांगायला येऊ नका. नेत्याचं नाव घे, त्याचं घेऊ नको, हे बंद.

पुढच्या शनिवारी मुलुंडच्या एका वस्तीत बोलावलंय. पोरांना पहिल्यांदाच फोनवर आकडा सांगितला : एका पाळीची मजुरी अधिक जायचं-यायचं भाडं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "विचारून सांगतो, दादा."

अजून फोन आलेला नाही. मी पाळी बदलून घेतली आहे.